लॉटचं माहेर

नलू, तुझ्या शोकसभेला एवढी माणसं आली की मला तुझा राग आला. रडू नंतर आलं, राग आधी. तलासरीच्या तुझ्या शाळेचं पटांगण भरलं, मग व्हरांडा भरला, मग लोक कुंपणाबाहेर रस्त्यावर उभे राहिले. पाड्यापाड्यांतून टेम्पो आले होते. तुझ्या हाताखाली शिकलेल्या बायका पोरं कडेवर घेऊन आल्या होत्या आणि तुझ्या फोटोकडे बोट दाखवून त्यांना सांगत होत्या, "ह्या आमच्या बाई." मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते आणि डोक्यात एकच विचार घुमत होता. मी गेल्यावर कोण येईल? सात-आठ व्यापारी येतील, तेही गाळा आता कोणाकडे जाणार हे विचारायला.

धाकट्या बहिणीच्या फोटोला हार घातलेला असताना हे सुचावं, याची लाज वाटायला हवी. थोडी वाटलीही. पण तुझ्याशी मी आयुष्यभर घासाघीस केली, आता शेवटी खरा भाव सांगून टाकते.

शाळेने तुझ्या नावाने स्मरणिका काढायचं ठरवलंय. मुख्याध्यापकांचा फोन आला, "दुर्गाताई, मोठ्या बहिणीच्या आठवणी म्हणून दोन पानं द्या." मी म्हटलं, अहो, मी सातवी शिकलेली बाई. तर म्हणाले, "बाई म्हणायच्या, माझी ताई बोलते तसं लिहील तर छापखाना पेटेल." हे असं बोलायचीस तू माझ्यामागे? तोंडावर बोलली असतीस तर भांडण तरी झालं असतं.

तुझी नोकरी, तुझी बक्षिसं, तुझं शिस्तीचं वागणं यावर बाकीचे लिहितीलच. मी एका शब्दावर लिहिणार आहे. लॉट. आपल्या दोघींमध्ये जे काही होतं, ते सगळं या एवढ्याशा शब्दात मावतं, हे मला तू जिवंत असताना कळलं नाही.

तो शब्द माझा होता, नलू. डहाणू रोडला माझा चिकूचा गाळा आहे, तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी तो किती वेळा बोलते ते देवाला ठाऊक. हा लॉट बाजूला काढ. हा लॉट एकाच वाडीचा आहे, भेसळ नाही. त्या लॉटला हात लावू नका, तो गेला. वापीचे व्यापारी यायचे आणि चिकू दाबून बघत म्हणायचे, "दुर्गाबेन, आ लॉटनो छेल्लो भाव बोलो ने." मी म्हणायचे, "पहिलाच भाव छेल्लो, शेवटचा. घ्यायचा तर घ्या, नाहीतर माशा हाकलत बसू नका." ते जायला निघायचे, मी हाक मारायचे नाही, आणि ते परत यायचे. इंग्रजी सगळी तुझी होती. पुस्तकातली, खडूची, शाळेतली. पण हा एक शब्द मी शाळेत न जाता मिळवला होता. बाजारात उभं राहून, घसा फोडून.

आणि तू तोही घेऊन गेलीस.

बाबांचं वर्षश्राद्ध होऊन महिना झाला असेल, दोन हजार सोळाचा हिवाळा. रविवार होता. तू तलासरीहून आलीस ती सरळ गाळ्यावर. उपड्या खोक्यावर बसलीस, पदराने चिकूची धूळ झटकलीस. प्रतवारी करणाऱ्या बायका तुला बघून हसल्या, पदर सारखे केले. माझ्यासाठी त्यांनी कधी पदर सारखा केला नाही. मी कोणावर तरी ओरडत होते की लॉट मिसळू नका.

"ताई, लॉट म्हणजे काय गो?"

"लॉट म्हणजे लॉट. माल."

"तो आत्ताचा. मुळात काय?"

"मुळात चिकू."

बायका खो-खो हसल्या. तू पण हसलीस. मग पिशवीतून चष्मा काढलास आणि मला कळलं की आता सुटका नाही. तू म्हणायचीस, प्रत्येक शब्दाला माहेर असतं, सासरी कसाही वागला तरी त्याचं माहेर शोधलं की स्वभाव कळतो. तुझ्या पोरांना तू असंच शिकवायचीस. त्या दिवशी गाळ्यात तू लॉटचं माहेर सांगितलंस. फार जुन्या इंग्रजीत हा शब्द होता, तेव्हा त्याच्या पुढे एक हलका ह लागायचा. अर्थ होता लाकडाची ढलपी. जमीन वाटायची असली, लुटीचा माल वाटायचा असला, की प्रत्येकाने आपली खूण केलेली ढलपी द्यायची. सगळ्या एकत्र करून टाकायच्या. ज्याची ढलपी जिथे पडेल ते त्याचं. पुढे ढलपीवरून हे नाव त्या वाट्यालाच लागलं. जमिनीच्या तुकड्याला लॉट. लिलावात एकत्र मांडलेल्या मालाला लॉट. माणसाच्या नशिबालाही लॉट, कारण नशीब म्हणजे तरी काय, आपल्या खुणेखाली जे पडलं ते. ढीग मोठा दिसला म्हणून पुष्कळलासुद्धा तेच म्हणू लागले. लॉटरी पण याच घराण्यातली, दोन-तीन देश फिरून आलेली. आणि एखाद्याच्या बरोबर आपला लॉट टाकणं म्हणजे, तू म्हणालीस, त्याचं जे होईल ते माझं होईल असं म्हणणं.

मी हातातला चिकू ठेवला. "म्हणजे आपले वाटेच की!"

"तेच तर सांगतेय!" तुझे डोळे असे चमकले की जणू मी परीक्षेत पहिली आले. "साता समुद्रापलीकडे, ताई, आणि हुबेहूब आपल्या पाड्यासारखं!"

ज्यांना आपल्या गावची, सरावलीकडची जुनी रीतभात माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे काहीही वाटायचं तर त्याचे वाटे घालायचे. खाडीतली मासळी असो, सामायिक झाडाचे आंबे असोत, गवत असो. जितकी घरं तितके ढीग. मग प्रत्येकाने आपली खूण द्यायची, कोणी शिंपला, कोणी बी, कोणी काडी. कुठली खूण कोणाची हे ज्याला माहीत नाही अशा माणसाने एकेक खूण एकेका वाट्यावर ठेवायची. दोघांतच वाटणी असेल तर कधी खुणाही टाकत नसत, एकाने वाटे घालायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचं. वाटे घालणाऱ्याने मागे उरलेला घ्यायचा, म्हणजे घालताना त्याचा हात सरळ राहतो. आणि खुणा पडल्यावर दोघांच्या मनात असेल तर पालट, म्हणजे वाट्यांची अदलाबदल, करता येई, पण हात लावायच्या आधी. एकदा वाटा उचलला की संपलं. मग देवानेही फिरवायचा नाही.

तुझी गोष्ट ऐकून गाळ्यातल्या बायका म्हणाल्या, "बाई किती छान सांगतात." आणि मी जळले. तीस वर्षं तो शब्द मी वागवला, आणि माहेरी जायचा मान तुझा. मी म्हटलं, "झालं का शिकवून? मला माल चढवायचाय." तू चष्मा पिशवीत ठेवलास. चहा न घेता गेलीस. कारण तुलाही माहीत होतं आणि मलाही, की वाटे आणि खुणा हा विषय आपल्या दोघींमध्ये काढायचा नसतो.

माझी सातवी झाली त्या वर्षी तुझी चौथी झाली. आई अंथरुणाला खिळलेली. बाबांच्या वाडीतली भाजी आणि चिकू रोज बाजारात कोणीतरी न्यायला हवे होते. दोघींना पुढे शिकवणं जमणार नाही, एकीला शाळा आणि एकीला बाजार, हे ठरलं. बाबांना निवडता येईना. मी मोठी आणि हिशेबी, तू लहान आणि हुशार. मी पण हुशार होते, नलू. सातवीला वर्गात दुसरी आले होते. शेवटी त्यांनी पाड्याच्या रीतीने केलं. ओटीवर एकीकडे पाटी ठेवली, एकीकडे टोपली. मी चिकूची बी दिली, तू शिंपला दिलास. शेजारच्या काशीकाकूंना बोलावलं. त्यांनी पाठ फिरवून दोन्ही खुणा ओंजळीत हलवल्या आणि ठेवल्या. शिंपला पाटीवर पडला.

ही गोष्ट मी गेली चाळीसएक वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. व्यापाऱ्यांना, शेजारणींना, लग्नानंतर माझ्या ह्यांना, रेल्वे स्टेशनवर भेटलेल्या अनोळखी बायकांनासुद्धा. एका शिंपल्याने माझी शाळा गेली. ऐकणारे चक् चक् करायचे. मला ते फार आवडायचं.

त्या एका शिंपल्यावरून मी तुझ्यावर किती प्रकारे जळले याची तुला कल्पना नाही. तुला रस्त्यात पोरं वाकून नमस्कार करायची त्यावर जळले. तू चिठ्ठी लिहायचीस तर अक्षर मण्यांसारखं, त्यावर जळले. तुझे हात मऊ राहिले. माझ्या हातांत चिकूचा चीक इतका मुरलाय की साबणाने जात नाही. मी भांडून, ओरडून, दलालांच्या नाकावर टिच्चून गाळा उभा केला, तरी गावात मी 'ती चिकूवाली दुर्गा', आणि तू नुसती 'बाई'. नावसुद्धा लागत नव्हतं तुला. आणि तुला केतकी झाली. मला मूल नाही. केतकी लहानपणी सुट्टीत माझ्याकडे राहायला यायची, गाळ्यात खोक्यांवर झोपायची, आणि सुट्टी संपली की तू तिला न्यायला यायचीस. ती धावत तुझ्याकडे जायची. मला माहीत आहे, लेकरू आईकडे धावणारच. तरी मी दर वेळी बघायचे, एकदा तरी मागे वळते का.

बाबा गेल्यावर वाडीचं राहिलंच होतं. दोघीच वारस. दोन हजार अठराच्या दिवाळीत मी म्हटलं, वाटे मी घालते. तू लगेच हो म्हणालीस. मी दोन दिवस वाडीत फिरले, दोरी लावली, खुंट्या ठोकल्या. एक वाटा घराकडचा. त्यात आपलं कौलारू घर, विहीर, बाबांची मोठी झाडं. एक रस्त्याकडचा. दिसायला लहान, झाडं तरणी. तू तलासरीहून आलीस, वाडीच्या मध्यावर उभी राहिलीस, इकडे बघितलंस, तिकडे बघितलंस, आणि कमरेवर हात ठेवलेस.

"ताई, मी गिऱ्हाईक आहे का गो?"

"म्हणजे?"

"टोपलीत वर मोठे चिकू लावलेस, खाली बारके. घराकडची झाडं म्हातारी झाली, अर्धी पोकळ आहेत. विहिरीचं पाणी फाल्गुनात मचूळ होतं. रस्त्याकडची झाडं आता कुठे भरात येणार, आणि टेम्पो थेट आत येतो."

मी म्हटलं, "मग तू रस्त्याकडचा उचल. आधी तूच उचलायचंस. रीत आहे."

"रीत आहे आणि तुला हेही माहीत आहे की मी घराकडचाच उचलणार. बाबांची खाट आहे तिथे. तू माझ्या मायेचा भाव केलास, ताई."

मला तोंडात मारल्यासारखं झालं, कारण ते शंभर टक्के खरं होतं. आणि खरं बोललं की माझा आवाज चढतो. मी म्हटलं, "तुला शाळा मिळाली. नोकरी मिळाली, मान मिळाला, लेक मिळाली. मला रस्ता मिळाला तर काय बिघडलं?"

"काही नाही बिघडत. माग ना. तोंडाने माग, आत्ता देते."

"मागू? मी? तुझ्याकडे?"

"हो. एकदा तरी."

"मी कोणाकडे काही मागितलं नाही. मी घेते."

"मग वाटे परत घाल," तू म्हणालीस आणि फाटक उघडून निघालीस. फाटक आपटलंही नाहीस. तुझं भांडणसुद्धा शिकलेलं होतं.

मी खुंट्या तशाच ठेवल्या. हट्टाने. पुढे महिनाभरातच जमिनीला हादरे बसायला लागले. तलासरी-डहाणूची माणसं थंडीत घराबाहेर झोपू लागली, तुझी शाळा पटांगणात भरू लागली. एकदा जोरात हादरा बसला, गाळ्यातली खोकी खाली आली. माझा हात फोनकडे गेला. तेवढ्यात तुझाच फोन आला.

"ताई, बरी आहेस ना? गाळ्याच्या भिंतीला तडा नाही ना गेला?"

मी म्हटलं, "गेला तर तुला काय करायचंय?"

तू म्हणालीस, "काही नाही गो. विचारलं." आणि फोन ठेवलास. त्यानंतर आपण लग्नाकार्यात एकमेकींना पाहिलं, पण बोललो नाही. मला वाटलं होतं, तू आधी बोलशील. नेहमी तूच आधी बोलायचीस. तू आजारी पडलीस ते केतकीने मला फार उशिरा कळवलं, आणि मी आले तेव्हा तू माणसं ओळखत नव्हतीस. मी तुझ्या कानाशी वाकून तुला हाक मारली. नुसती हाक. जन्मभर ज्या तोंडाने लोकांना गप्प बसवलं, ते तोंड त्या दिवशी कामाला आलं नाही.

आता शोकसभेतली गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहितेय.

तुझी एक जुनी विद्यार्थिनी बोलायला उठली. वनिता. आता परिचारिका आहे. तिने हातात खडे घेतले होते. म्हणाली, "बाईंनी आम्हाला लॉट हा शब्द असे खडे मांडून शिकवला. आमच्या पाड्यातही असंच वाटतात, म्हणून पटकन समजला. आणि दर वर्षी बाई त्यांच्या बहिणीची गोष्ट सांगायच्या." मी खुर्चीत ताठ झाले. मला वाटलं, आता शिंपला येणार. शिंपला आलाच. पण तिथे ती थांबली नाही.

"बाई म्हणायच्या, मी शाळेत गेले ती पाटीवर माझी खूण पडली म्हणून नाही. मी ताईला म्हटलं होतं, पालट करू, तू जा शाळेत. ताईने मला पुढे बोलूच दिलं नाही. झटकन टोपली उचलली. उचललं की फिरत नाही. मला मागे वळायला तिने जागाच ठेवली नाही. म्हणून, मुलींनो, माझा लॉट शिंपल्याने ठरवला नाही. माझ्या ताईने ठरवला."

सगळं पटांगण माझ्याकडे बघायला लागलं, नलू. बायका डोळे पुसत होत्या. सभा संपल्यावर वनिता आली आणि माझ्या पाया पडली. तिच्या मागे दुसरी, तिसरी. मी पाय खुर्चीखाली ओढून घेत होते. मला तिथून पळून जायचं होतं.

कारण तू पालट मागितलास, ही गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नव्हती. एकालाही नाही. चाळीसएक वर्षं मी गोष्ट शिंपल्यापर्यंत आणून थांबवत होते.

आज ती पुरी करते, छापील पानावर, म्हणजे मलाच परत फिरवता येणार नाही. काशीकाकूंनी खुणा ठेवल्या. तू माझ्या परकराला धरलंस आणि म्हणालीस, "ताई, पालट करू. तुला जास्त पाहिजे." बाबा म्हणाले, "दुर्गे, बघ, ती म्हणतेय." मला फक्त हो म्हणायचं होतं. आणि मला इतका राग आला की कान तापले. दहा वर्षांची पोर मला शाळा देणार? तिने दिलेली मी घेणार? मग आयुष्यभर ती म्हणणार, मी दिली. तू कधी म्हणाली नसतीस, पण मी तुझ्या जागी असते तर नक्की म्हटलं असतं. मी म्हटलं, "मला नको कोणाची भीक," आणि टोपली उचलून डोक्यावर घेतली. त्यागबिग काही नव्हता, लोकहो. तुम्ही ज्या पायांना हात लावलात, ते रागाने चालत बाजारात गेले होते.

एक प्रश्न मात्र मला झोपू देत नाही. तुला ते काय वाटलं होतं? तू खरंच समजलीस, की मी तुझ्यासाठी टोपली उचलली? की तुला सगळं माहीत होतं, आणि दर वर्षी नव्या पोरींपुढे तू मला झाकत होतीस? माझा राग तू पाळण्यातून ओळखत होतीस. 'भीक' हा शब्द तुझ्या कानावर पडला होता. तरी तुझ्या गोष्टीत तो कुठे नाही. तू एकही खोटी गोष्ट सांगितली नाहीस, फक्त माझा एक शब्द गाळलास. मी माझ्या गोष्टीतून तुझा अख्खा पालट गाळला. दोघींनी गाळलंच, पण बघ काय काय गाळलं. माझ्याच आयुष्यातल्या गोष्टीची चांगली प्रत तुझ्याकडे होती आणि माझ्याकडे हलकी. यावरही जळते मी.

आणि तू मला कधी सुनावलं नाहीस. मी तुझ्यासमोर लोकांना शिंपल्याची गोष्ट सांगायचे, तू बाजूला बसून ऐकायचीस. एकदा तरी म्हणायचंस, "ताई, पुढचंही सांग." वाडीत कमरेवर हात ठेवून उभी होतीस तेव्हा तरी म्हणायचंस. तू फक्त 'एकदा तरी माग' म्हणालीस. तेव्हा मला ते कळलं नाही. मला वाटलं, रस्त्याचं चाललंय.

गेल्या रविवारी केतकी आली. बोईसरहून सकाळच्या गाडीने. वाटणीचं उरकून टाकू म्हणाली. वाडीच्या फाटकाशीच थांबली.

"मावशी, तू घातलेत ना वाटे? मग मला बघायचंही नाही. आईने सांगितलंय तू कशी आहेस ते. घराकडचा मी घेते, रस्त्याकडचा तू. कागद करून टाकू."

माझ्या मनासारखं झालं, नलू. बोट न हलवता. तू जिथे अडलीस तिथे तुझी लेक डोळे मिटून आत आली. माझ्या धंद्यात असं गिऱ्हाईक आयुष्यात एकदा येतं. मी तोंड उघडलं ते "बरं" म्हणायला.

"वाटे वाकडे आहेत," मी म्हटलं.

"काय?"

"वाकडे घातलेत. मुद्दाम. घराकडची झाडं पोकळ आहेत. पाणी मचूळ. तुझ्या आईला कळलं होतं, म्हणून भांडण झालं."

 मला वाटलं केतकी रडेल, किंवा जाईल. तिने खांद्यावरची पिशवी फांदीला अडकवली.

"मग सरळ घाल," म्हणाली.

आम्ही दोघींनी मिळून खुंट्या उपटल्या. वर्षभर मातीत होत्या, निघेनात. दोरी आता आडवी न लावता उभी लावली, घरापासून रस्त्यापर्यंत, म्हणजे दोघींना रस्ता, दोघींना जुनी झाडं, दोघींना तरणी, विहीर सामायिक. घर केतकीच्या वाट्यात, त्याबदल्यात रस्त्याकडच्या टोकाला माझा वाटा थोडा रुंद. दुपार झाली. माझ्या मते एवढे सरळ वाटे सरावलीत कोणी घातले नसतील. मी पदराने तोंड पुसलं आणि म्हटलं, "बघून घे, आणि पटलं तर उचल."

ती हात मागे बांधून दोन्हीकडून फिरली. एकेका झाडाच्या बुंध्यावर टिचकी मारली. परत आली.

"इकडे दोन झाडं कमी आहेत."

"कमी नाहीत. मोठी आहेत."

"मोठी म्हणजे म्हातारी."

"म्हातारी काय? यंदासुद्धा लगडलीत."

"तरी दोन कमीच. दोरी तुझ्याकडे सरकव."

"हे बघ बाय, घर तुला दिलंय."

"घर गळतंय, मावशी. कौलं कोण बदलणार?"

"एक झाड घे."

"दोन."

"एक. शेवटचं."

केतकीने फांदीवरची पिशवी काढली, खांद्याला लावली आणि चालायला लागली. सरळ फाटकाकडे. घाई नाही, मागे वळून बघणं नाही. मी उभी राहिले. हे कसं करतात ते मला माहीत आहे. समोरच्याने हाक मारेपर्यंत चालत राहायचं, आणि पावलांत कुठेही शंका दिसू द्यायची नाही. माझ्याइतकं हे डहाणूत कोणाला जमत नाही. कोणालाही मी कधी हाक मारली नव्हती. तिचा हात फाटकाच्या कडीवर गेला.

"दोन घे, बये!" मी ओरडले. "घे दोन, आणि मर!"

ती वळली तेव्हा हसत होती. खोक्यांवर झोपणारी ती पोर अर्धे डोळे मिटून माझा बाजार बघत असायची, हे मला त्या क्षणी कळलं. तू तर आयुष्यात भाजीवालीशी घासाघीस केली नाहीस, सांगेल तो भाव द्यायचीस. हे तुझ्याकडून आलेलं नाही, नलू. हे माझं आहे, चालण्यापासून वळण्यापर्यंत. मी दोरी दोन झाडं सरकवली, हरले, आणि मला फार बरं वाटलं. खुंटी तिनेच ठोकली.

आता तू जळ.